कुत्रं दार खरवडतंय: आधी खुणा वाचा, मग दुरुस्तीला लागा

एका घरातलं एकच दार मी तीनदा दुरुस्त केलंय. तिसऱ्या खेपेला लांबी (ओरखडे-खड्डे बुजवायचा लगदा, पुट्टी) भरून झाली, ती सुकायची वाट बघत हात पुसत उभा होतो, तर पलीकडून खर्र खर्र सुरू झालं. ओल्या लांबीवरच. तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. मी दार दुरुस्त करतच नव्हतो, कुत्र्याला दर वेळी पाटी कोरी करून देत होतो.

सुतारकाम हा माझा धंदा आणि घरी चिंगी नावाची कुत्री, त्यामुळे हे दुखणं दोन्ही अंगांनी पाहिलंय. लोक बोलावतात ते दारासाठी, पण दोष दारात क्वचितच असतो. म्हणून खाली जो क्रम दिलाय त्यात दुरुस्ती सगळ्यात शेवटी आहे. आधीच्या पायऱ्या बहुतेक फुकटातल्या आहेत. त्या गाळून थेट शेवटाला जाऊ नका, माझ्यासारखे तीन फेरे पडतील.

लक्षणं

दारासमोर उकिडवे बसा. उभ्याने बघून काही कळत नाही. बॅटरी पल्ल्याला, म्हणजे दाराच्या उघडणाऱ्या फळीला, चिकटवून तिरकी धरा. समोरच्या उजेडात न दिसणारे ओरखडे तिरक्या उजेडात उठून दिसतात. मग यातलं कोणतं चित्र जुळतंय ते पाहा:

– कडीच्या बाजूला उभे, एकावर एक पडलेले ओरखडे. बिजागरीची बाजू जवळपास स्वच्छ. म्हणजे कुत्र्याला दार कुठून उघडतं ते पक्कं ठाऊक आहे आणि ते उघडून मागतंय.

– पल्ल्याची खालची कड आणि फरशी यांच्यामधल्या फटीपाशी तिरके ओरखडे, पायपुसण्याचे धागे निघालेले. पलीकडचा वास, पावलं, आवाज यांचा हा शोध आहे.

– चौकटीच्या किंवा पट्टीच्या कडेला जोडीजोडीने खड्डे, लाकडाचे टवके उडालेले. हे काम नखांचं नाही, दातांचं. पिल्लू असेल तर आश्चर्य नको.

– नखं आणि दात दोन्ही, कडीभोवती, चौकटीवर, शेजारच्या खिडकीवरही. सोबत लाळेचे ओघळ, कधी रक्ताचा ठिपका. आणि हे सगळं फक्त घरात कोणी नसताना. हे घाबरलेलं कुत्रं आहे.

– खालचा कोपरा फुगलाय, सनमायका सुटलाय, रंगाला फोड आलेत, पण ओरखडे फारसे नाहीत. तिथे लघवी मुरते आहे, किंवा फरशी पुसतानाचं पाणी.

– चौकटीच्या तळाशी एकाच वितीएवढ्या जागी खरवड, तीही कुत्रं कान टवकारून ऐकता ऐकता करतंय. इथे कुत्र्यावर रागावण्याआधी चौकट ठोकून बघा. एका घरी मी लांबी भरायला गेलो आणि पटाशी (सुताराची सपाट धारेची छिन्नी) टेकवली तर ती आत गेली, चौकट आतून वाळवीने पोकळ झाली होती. कुत्रं बिचारं आठवडाभर तेच सांगत होतं.

पहिली तपासणी: फोन ठेवून बाहेर पडा

फोनवर रेकॉर्डिंग सुरू करून तो दार दिसेल असा ठेवा आणि नेहमीसारखे बाहेर जा. अर्धा-पाऊण तास पुरतो, कारण एकटेपणाची भीती असलेलं कुत्रं बहुतेक वेळा पहिल्या अर्ध्या तासातच दारावर तुटून पडतं. परत येऊन पाहिलेला ओरखडा तुम्हाला ‘काय’ सांगतो, रेकॉर्डिंग ‘केव्हा’ आणि ‘कशामुळे’ सांगतं. कुत्रं तासभर झोपून मग कंटाळून कोपरा कुरतडायला लागलं, तर गोष्ट वेगळी. तुमच्या पाठीमागे कडी लागताक्षणी धापा टाकत, भुंकत, येरझाऱ्या घालत दारावर उड्या मारायला लागलं, तर गोष्ट फार वेगळी. जिन्यात कोणाची पावलं वाजली की तेवढ्यापुरतं धावून जाणारं, हा तिसरा प्रकार. तिघांचे ओरखडे एकसारखेच दिसू शकतात आणि तिघांचा उपाय एकमेकांच्या उपयोगाचा नाही.

घरी आल्यावर झालेली नासधूस दाखवून ओरडण्यात अर्थ नाही. ‘त्याला कळतं हो, बघा कसा चोरट्यासारखा बसलाय’ हे मी प्रत्येक घरी ऐकतो. अलेक्झांड्रा होरोविट्झ या संशोधिकेने २००९ साली हेच तपासलं. तो अपराधी चेहरा कुत्र्याने खरंच काही केलंय की नाही यावर नाही, तर मालक रागावला आहे की नाही यावर ठरतो, असं तिला दिसलं. भित्र्या कुत्र्याला मार मिळाला तर तुमचं बाहेर जाणं आणि तुमचं परत येणं, दोन्ही भीतीचे प्रसंग होतात. पुढच्या वेळी खरवड आणखी खोल.

दुसरी: नखं

कुत्रं चालताना फरशीवर टकटक वाजतंय? नखं वाढली आहेत. तीच ताकद, तोच पंजा, पण वाढलेलं टोकदार नख सनमायक्यात रेघ पाडतं आणि आखूड, गोल नख नुसतं घसरतं. साधारण तीन-चार आठवड्यांनी नखं बघावी लागतात. पुढच्या पायाच्या आतल्या बाजूचं वरचं नख विसरू नका. ते जमिनीला लागत नाही म्हणून झिजत नाही.

एक गोष्ट मी स्वतःच्या दारावर शिकलो. नखं कापली की कापलेली कड पटाशीसारखी धारदार होते. पहिल्याच दिवशी चिंगीने आधीपेक्षा खोल रेघ मारली. म्हणून कापून झाल्यावर कानशीने टोक गोल करायचं. नखाच्या आत जिवंत शीर असते. पांढऱ्या नखात ती गुलाबी दिसते, काळ्या नखात दिसत नाही. काळं नख अगदी थोडं थोडं कापा. कापलेल्या तोंडावर मध्ये गडद ओलसर ठिपका दिसू लागला की थांबा. हात थरथरत असेल तर हे काम पशुवैद्यांकडून करून घ्या, एकदा शीर कापली गेली की कुत्रं पुढे कधी पाय हातात देत नाही.

तिसरी: शरीराची गरज

शू लागलेल्या कुत्र्याकडे दार खरवडण्याखेरीज दुसरी भाषा नाही. फिरवण्याच्या वेळा आणि खरवडण्याच्या वेळा चार दिवस एका कागदावर लिहा. बहुतेकदा कागदच उत्तर देतो. वर्षानुवर्षं शहाणं असलेलं म्हातारं कुत्रं अचानक रात्री दार खरवडायला लागलं, पाणी जास्त पिऊ लागलं, तर सुताराला नाही, पशुवैद्यांना फोन करा. लघवीचा संसर्ग, मूत्रपिंडाचा त्रास, मधुमेह, यांची सुरुवात अशीही दिसते.

पिल्लाच्या बाबतीत दातांचं गणित ध्यानात ठेवा. दुधाचे २८ दात साधारण तिसऱ्या-चौथ्या महिन्यापासून पडू लागतात आणि सातव्या महिन्यापर्यंत ४२ कायमचे येतात. हिरड्या शिवशिवतात आणि चौकटीची कड नेमकी तोंडात मावेल एवढी असते. ओला फडका पिळून, गाठ मारून गोठवा आणि समोर बसून चघळायला द्या. पिल्लू मोठं होईपर्यंत चौकटीची दुरुस्ती करूच नका. मी हे सांगतो तेव्हा माझंच काम जातं, पण सांगतो.

चौथी: दार उघडतं कोण?

माझ्या पाहण्यात सगळ्यात जास्त दारं या कारणाने गेली आहेत, म्हणून इथे जरा थांबतो.

मी जेवायला बसलो की चिंगी मागच्या दारावर पंजा मारायची. मी उठायचो, उघडायचो. काही महिने हेच. मी समजत होतो की मी दाराची काळजी घेतोय. खरं तर मी तिला शिकवत होतो की दाराची घंटा या उंचीवर आहे आणि ती नखांनी वाजते. मग एक दिवस ठरवलं, उघडायचं नाही. तिने चार वेळा खरवडलं, पाचव्यांदा माझा धीर सुटला आणि मी उठलो. ही सगळ्यात वाईट चूक. आता तिला कळलं की चार वेळा फुकट गेली तरी पाचव्यांदा काम होतं.

उपाय तीन गोष्टींचा. खरवड सुरू असताना उघडायचं नाही. पंजा खाली आल्यावर तीन सेकंद शांतता मोजायची आणि तेव्हाच उघडायचं. दुसरं, तिची वेळ आपल्याला माहीत असते, तर तिने दारापाशी जायच्या आधीच आपण उठायचं. तिसरं, मागायला दुसरी भाषा द्यायची. मी दाराच्या बाजूला भिंतीवर, तिच्या नाकाच्या उंचीला घंटा टांगली. ती गिळता येणार नाही एवढी मोठी हवी. दर वेळी दार उघडण्याआधी तिचं नाक घंटेला लावायचो आणि मग लगेच उघडायचो. काही आठवड्यांत जमलं. त्यानंतर तिने दर दहा मिनिटांनी घंटा बडवायला सुरुवात केली, ती वेगळी कथा. तिथे नियम केला की घंटा वाजली की बाहेर फक्त शू, खेळ नाही. आपोआप कमी झालं.

आणि हे आधीच सांगून ठेवतो: उघडणं बंद केल्यावर खरवड आधी वाढते, मग कमी होते. त्या वाढीच्या दिवसांत दारावर जाड पुठ्ठा लावून ठेवा आणि घरातल्या सगळ्यांना एकच नियम सांगा. एका आजोबांनी हळूच उघडलं की सगळ्यांचा आठवडा पाण्यात.

पाचवी: फट आणि नजर

फटीपाशी खरवड असेल तर दाराच्या तळाला फट झाकणारी ब्रशची किंवा रबराची पट्टी लावा. वास पूर्ण थांबत नाही, पण पावलांची सावली आणि वारा थांबतो आणि बऱ्याच कुत्र्यांना तेवढं पुरतं. उलट काही कुत्र्यांना माणसं दिसत असली की पुरे असतं. तिथे दार उघडं टाकून चौकटीत लहान मुलांसाठी वापरतात तसं जाळीचं फाटक लावलं तर खरवडायला पल्लाच उरत नाही. भीतीने वेड्यापिशा होणाऱ्या कुत्र्याला मात्र फाटकामागे, खोलीत किंवा पिंजऱ्यात कोंडून हा प्रश्न सुटत नाही. दार वाचतं, आणि दात तुटतात.

सहावी: कडू फवारा

चावण्यावर चालतो, खरवडण्यावर नाही. नखाला चव कळत नाही. एवढं साधं आहे, तरी रिकाम्या बाटल्यांचा ढीग मी लोकांच्या घरी बघतो. या फवाऱ्यांत बहुधा डेनाटोनियम असतं. १९५८ मध्ये एडिनबरामध्ये भूल देणाऱ्या औषधांवर काम करताना ते हाती लागलं आणि आजवर माहीत असलेल्या सगळ्यात कडू पदार्थांत त्याची गणना होते. रोज पुन्हा मारावा लागतो. आधी दाराच्या न दिसणाऱ्या कोपऱ्यावर मारून बघा, पॉलिशवर डाग पडतो का ते कळेल. तिखट, मिरपूड, टी ट्री तेल असले घरगुती प्रयोग करू नका. तिखट डोळ्यांत जातं आणि टी ट्री तेल कुत्र्यांना विषारी आहे.

सातवी: पल्ल्याला चिलखत

इथवरचं सगळं सुरू केल्यावर, किंवा करता करता, दाराला संरक्षण द्या. उंची अंदाजाने घेऊ नका. कुत्र्याला भिंतीवर पुढचे पाय टेकवून उभं करा, नखं पोचतात तिथे पेन्सिलची खूण करा आणि वर चार इंच धरा.

पारदर्शक चिकट फिल्म हलक्या खरवडीला ठीक. काढताना मात्र केस सुकवायच्या यंत्राने गरम करत हळूहळू सोलायची, नाहीतर रंगही तिच्याबरोबर येतो. शीट लावायची तर ॲक्रिलिक की पॉलिकार्बोनेट? ॲक्रिलिकवर ओरखडे कमी उठतात, पण मोठ्या कुत्र्याच्या धडकेने तडकतं आणि तडकलेली कड कापते. पॉलिकार्बोनेट तडकत नाही, पण लवकर धुरकट होतं. दांडग्या कुत्र्यासाठी मी १ मिमी जाडीचा स्टीलचा पत्रा सुचवतो. दिसायला दवाखान्यासारखा दिसतो, पण एकदाच लावावा लागतो. कोपरे गोल करून घ्या आणि चारही कडांवरून कानस फिरवा. बोट फिरवलं आणि अडकलं नाही, तरच कुत्र्याच्या पंजाला चालेल.

आता माप. माझा पहिला पत्रा मी पल्ल्याच्या पूर्ण रुंदीचा कापला, झोकात स्क्रू मारले, आणि दार लागेना. पल्ला बंद होताना चौकटीच्या खाचेत बसतो. त्या बाजूने पत्रा लावायचा असेल तर दोन्हीकडे खाचेएवढी जागा सोडावी लागते. दार बंद करून, चौकटीला टेकवून पेन्सिलने पल्ल्यावर रेघ ओढा आणि त्या रेघेच्या ३ मिमी आत पत्रा ठेवा. खालीही तेवढीच मोकळीक ठेवा, नाहीतर पत्रा फरशीला घासेल.

स्क्रू मारण्याआधी पल्ला बोटाच्या पेराने ठोकत जा. भरीव दार सगळीकडे ठक्क वाजतं. पोकळ दार कडेला तीन-चार सेंटीमीटर भरीव आणि आत ढोलासारखं. आत कागदाची जाळी असते, स्क्रू तिथे नुसता फिरत राहतो. पत्रा आत सरकवल्यामुळे स्क्रूची रांग नेमकी पोकळीवर येत असेल तर स्क्रू सोडा आणि दोन्ही बाजूंनी चिकटणारी जाड फोमची टेप वापरा, पल्ला स्पिरिटने पुसून. फुगणारा पॉलियुरेथेन गोंद कुत्रं चाटेल अशा जागी नको आणि त्याची उघडी बाटली तर अजिबात नको. पोटात गेला तर तो तिथेही फुगतो आणि दगडासारखा गोळा होतो, बऱ्याचदा शस्त्रक्रिया करावी लागते. चाटलाच तर ओकारी काढायला जाऊ नका, पाणी पाजू नका, सरळ पशुवैद्य.

आठवी: दुरुस्ती

दोन आठवडे नवी खूण पडली नाही, मगच.

भरीव लाकडावरचे ओरखडे १८० नंबरच्या पॉलिश पेपरने, मग २२०, मग ३२०. लाकडाच्या रेषांच्या दिशेनेच, आडवा हात मारला तर पॉलिश केल्यावर प्रत्येक फेरा दिसतो. पेपर बोटाने दाबू नका, लाकडाच्या ठोकळ्याभोवती गुंडाळा. नाहीतर ओरखड्याच्या जागी खळगा होतो. खोल रेघेत लांबी भरायची तर किंचित उंच भरा, कारण ती सुकताना बसते. चौकटीचा चावलेला कोपरा साध्या लांबीने धरत नाही, पहिल्या धक्क्याला गळून पडतो. तिथे दोन भागांचं मिसळायचं एपॉक्सी फिलर घ्या. सुटे तंतू पटाशीने काढून टाका आणि घट्ट लाकडावरच भरा. आकार द्यायला पॉलिथिनचा कागद लावून फळीचा तुकडा दाबून ठेवला की कड सरळ मिळते.

व्हिनियरच्या दाराला हात आवरा. वरचा लाकडाचा थर अर्धा मिलिमीटरही नसतो. दोन मिनिटं जास्त घासलं की खालचं प्लाय दिसतं आणि ते परत झाकलं जात नाही. तिथे रंगाची मेणकांडी भरून पुसून घ्या. सनमायका घासून दुरुस्त होत नाही. घासलात तर नक्षीच जाते. तो मेणाने लपवा नाहीतर पत्र्याखाली गाडा. फॉइल चढवलेल्या दाराचं तेच. फुगलेला तळ कोरडा होईपर्यंत काही चिकटवू नका. कोरडा झाल्यावर उघड्या कडेला रंग किंवा पॉलिश पाजून बंद करा, पल्ल्याच्या खालच्या कडेलाही. ती कड बहुतेक सुतार, मीही कधीकाळी, कोरडीच सोडतात आणि पाणी तिथूनच चढतं.

पॉलिश हाताला कोरडं लागलं तरी आतून कडक व्हायला काही दिवस जातात. तोवर पुठ्ठा.

इथे थांबा आणि माणूस बोलवा

नख उखडलंय, दात तुटलाय, दारावर रक्त आहे, किंवा रेकॉर्डिंगमध्ये कुत्रं घाबरून लाळ गाळताना दिसतंय: पशुवैद्य, आणि त्यांच्यामार्फत कुत्र्यांच्या वागणुकीवर काम करणारा जाणकार. अशा कुत्र्याला काही सेकंदांपासून सुरुवात करून एकटं राहायची सवय लावावी लागते, कधी औषधाची जोड लागते. घंटा आणि पत्रा इथे कामाचे नाहीत. फटाके किंवा गडगडाटाला घाबरून दार फोडणाऱ्यालाही हेच. लाकडाचे तुकडे गिळलेत आणि कुत्रं ओकतंय, खात नाही किंवा शी करताना कुंथतंय, तर सकाळपर्यंत थांबू नका.

दाराच्या बाजूने: चौकट ठोकल्यावर पोकळ वाजली, पल्ला खाली आला, बिजागरीचे स्क्रू पकडत नाहीत, काच तडकली, तर सुतार. वाळवी असेल तर आधी वाळवीवाला, मग सुतार. घर जुनं असेल आणि रंगाचे थरावर थर असतील तर कोरडं घासू नका. जुन्या रंगात शिसं असू शकतं आणि ती धूळ कुत्र्याला व लेकरांना दोघांनाही घातक. आगीपासून बचाव करणारं दार असेल तर त्याला भोक पाडणं, घासणं, कुत्र्यासाठी झडप कापणं, काहीच स्वतः करू नका. त्याचा आगीला अडवायचा गुण जातो आणि बाहेरून ते कळतही नाही.

सुताराला फोन करण्याआधी तीन फोटो पाठवा: एक अख्ख्या दाराचा, एक ओरखड्याचा तिरक्या उजेडात, आणि एक दार उघडं ठेवून पल्ल्याच्या जाडीचा. तिसरा फोटो कोणीच पाठवत नाही, आणि दार कशाचं बनलंय याचा पहिला अंदाज त्यावरूनच येतो. आमची एक फेरी वाचते.